चौथ्या बोगद्यातलं पाणी

ती मला पहिल्यांदा दिसली ती बुटांपासून वर.

मी पालथा पडलो होतो. डोकं शाफ्टच्या कठड्याच्या आत, पाय बाहेर गवतात. शाफ्ट म्हणजे खाणीत उतरायची उभी विहीर. आमची शंभर मीटरच्या वर खोल आहे. माझ्या हातात दोरी होती आणि दोरीच्या टोकाला सात किलोचा शिशाचा गोळा. गोळा पाण्याला टेकला की खालून एक आवाज येतो. अगदी बारीक. तो नेमका ऐकायचा तर श्वास धरावा लागतो. मी धरलाच होता, तेवढ्यात मागून कुणीतरी विचारलं,

“काय हो, कुणी पडलंय का आत?”

“श्श…”

मी तिच्याशी बोललो ते पहिलं हे. याला बोलणं म्हणायचं की नाही, तुम्हीच ठरवा.

पुढे आयुष्यभर ती हे चारचौघांत सांगायची. “आमच्यात बोलणं कसं सुरू झालं माहितीये? यांनी मला आधी गप्प बसवलं. ती पहिली वेळ आणि शेवटची.” आता ती नाही, म्हणून मला सांगावं लागतंय. ती असती तर तिनेच सांगितलं असतं आणि छान रंगवून सांगितलं असतं. मला रंगवता येत नाही. झालं तसं सांगतो.

गोळा टेकला. दोरीवर दर मीटरला चामड्याची एक पट्टी शिवलेली होती. कठड्याशी आलेली पट्टी पाहिली आणि मी डोकं बाहेर काढलं. समोर चिखलाने भरलेले बूट. वर पुष्कळ खिशांची पँट. पाठीवरच्या पिशवीतून बाहेर डोकावणारा हातोडीचा दांडा. आणि मग चेहरा. सकाळी धुकं होतं. तिच्या कानाजवळच्या केसांवर त्याचे बारीक थेंब बसले होते आणि ते पुसायचं तिला भान नव्हतं.

“पंच्याऐंशी,” मी म्हणालो.

“काय पंच्याऐंशी?”

“पाणी. पंच्याऐंशी मीटरवर आहे.”

“अच्छा. मी सत्तावीस.” ती म्हणाली. “तुमच्याकडे आकड्यांनीच ओळख करून घेत असतील तर…”

मी वही काढली आणि त्यात पंच्याऐंशी लिहिलं. सत्तावीस मात्र लिहावं लागलं नाही, ते लक्षातच राहिलं.

तिला कंपनीने पाठवलं होतं. भूगर्भतज्ज्ञ होती ती. आमची खाण कथलाची. आठ वर्षांपूर्वी कथलाचा भाव पडला, खाण बंद झाली, माणसं पांगली. मागे उरलो मी, राखणदार. कुंपण सांभाळायचं, शिड्या तपासायच्या आणि रोज सकाळी पाणी मोजायचं एवढं माझं काम. आता भाव पुन्हा चढला होता. यंत्रांतल्या तारा जोडायला कथील लागतं आणि यंत्रं तर घरोघरी झाली होती. खाण पुन्हा उघडण्यात अर्थ आहे का, हे पाहून दहा दिवसांत तिला अहवाल द्यायचा होता.

तिने वही मागितली. कठड्यावर बसून पानं उलटत राहिली.

“रोज मोजता?”

“रोज.”

“रविवारीसुद्धा?”

“पाण्याला रविवार नसतो.”

तिने वर पाहिलं. “अक्षर सुंदर आहे तुमचं.”

आजवर माझं कुणी काही सुंदर म्हटलेलं नव्हतं. मी दोरी गुंडाळायला लागलो आणि ती उलटी गुंडाळली.

कंपनीच्या विश्रामगृहाचं छप्पर दोन वर्षांपूर्वीच बसलं होतं, त्यामुळे तिची सोय आमच्याच घरी, वरच्या खोलीत करावी लागली. घरात आम्ही तिघं. मी, बाबा आणि आत्या. आई मी लहान असतानाच गेली. मला वाढवलं ते आत्याने, आणि बोलून बोलून वाढवलं.

पहिल्याच संध्याकाळी आत्याने तिला ताटावर बसवून सांगितलं, “अगं, लोक म्हणतात ना, नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा? आमच्या घरात उलटं. कथील तीस वर्षं उपसलं, पण वाळा काही कुणाच्या हाती पडला नाही.”

“मग मी सोनूबाई झाले तर चालेल का?” ती म्हणाली. “वाळा मिळत असेल तर नाव बदलायला माझी हरकत नाही.”

आत्याने माझ्याकडे पाहिलं. मी ताटात पाहिलं. आत्या हसली ते मला ऐकू आलं.

बाबांनी खाणीत तीस वर्षं काढली होती. गुडघे गेले होते, पण हात शाबूत होते. नवीन माणूस आला की ते त्याची परीक्षा घ्यायचे. परीक्षा फावड्यावर. दगडाची बारीक पूड करायची, रुंद सपाट फावड्यावर घ्यायची, पाणी घालून झुलवायची. आधी गढूळ पाणी जातं, मग वाळू जाते आणि जड कथील तेवढं कडेला मागे राहतं. काळ्या रंगाची कोर, नखावरच्या चंद्रासारखी. तिच्या जाडीवरून दगडात किती टक्के कथील आहे ते सांगायचं.

“सांग पोरी,” बाबांनी फावडं तिच्यापुढे धरलं.

ती वाकली. एक डोळा मिटला. “सव्वा टक्का.”

“दीड.”

“दीड कसं? इथे वाळू आहे अजून.” तिने त्यांच्या हातातून फावडं घेतलं आणि एक झुलवा दिला. मनगटातून, हलकेच, बाबा देतात तसाच. कोर थोडी सरकली, थोडी बारीक झाली.

बाबा बघत राहिले. “सव्वा,” ते म्हणाले. “कुठे शिकलीस?”

“आमच्या कॉलेजातले एक म्हातारे मास्तर होते. पण तुमच्यासारखा हात नव्हता त्यांचा. तुम्ही आमच्या प्रयोगशाळा बंद पाडाल.”

“तुम्ही लोकांनी माझी खाण बंद पाडलीत. फिटंफाट झाली मग.”

त्या दिवसापासून ती बाबांची झाली. माझी व्हायला अजून अवकाश होता.

पुढचे पाच दिवस आम्ही दोघं खाणीत उतरलो. शाफ्टमधून आडवे चार बोगदे निघतात. पहिला वीस मीटरवर, दुसरा बेचाळीस, तिसरा चौसष्ट आणि चौथा शहाऐंशी. मी शिडीवर पुढे, ती मागे. ती दगड फोडायची, मी पिशव्या धरायचो. प्रत्येक पिशवीवर आकडा घालायचा असे, आणि तो मीच घालावा असा तिचा आग्रह होता. “अक्षरासाठी,” ती म्हणायची.

तिसऱ्या बोगद्यात एकदा ती म्हणाली, “दिवे घालवूया?”

“कशाला?”

“भीती वाटते तुम्हाला?”

“मला कसली…”

दोघांनी टोपीवरचे दिवे घालवले. खाणीतल्या काळोखाला तळ नसतो. कुठेतरी थेंब पडत होता. एक… मग बराच वेळ काही नाही… मग एक. तिच्या ओल्या कोटाचा वास येत होता. ती हातभर अंतरावर होती, हे मला न बघता कळत होतं.

“तुम्ही रोज हेच ऐकता?” ती हळू आवाजात म्हणाली.

“वरून.”

“एकटे?”

“हो.”

“मग आज दुकटे ऐका.”

आम्ही ऐकलं. किती वेळ ते माहीत नाही. दिवा आधी कुणी लावला तेही आठवत नाही. लावला तेव्हा ती माझ्याकडे बघत नव्हती, इतकं मात्र आठवतं. मीही नव्हतो.

वरच्या तीन बोगद्यांत फारसं काही उरलेलं नव्हतं. ते आम्हाला ठाऊकच होतं. खरी गोष्ट चौथ्याची होती. कामबंदचा भोंगा वाजला त्याच्या आठच दिवस आधी बाबांनी चौथ्या बोगद्यात स्वतःच्या हाताने कथलाची एक शीर उघडी केली होती. मनगटाएवढी जाड, असं ते सांगायचे आणि सांगताना आपलंच मनगट दुसऱ्या हाताने धरायचे. खाण आज ना उद्या उघडेल, असं त्यांना त्या शिरेच्या जिवावर वाटायचं. मग तीन वर्षांपूर्वी पाणी दोन मीटर चढलं आणि चौथ्यात शिरलं. मीच मोजलं, मीच लिहिलं, मीच घरी येऊन सांगितलं. बाबा दोन दिवस कुणाशी बोलले नव्हते. त्या वर्षी कंपनीचा एक माणूस खाण बघायला येणार होता. ती नोंद वाचून तो आलाच नाही.

सहाव्या दिवशी ती कुंपणाशी माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

“चौथा बोगदा शहाऐंशीवर, पाणी पंच्याऐंशीवर. म्हणजे आत कमरेएवढं पाणी. पंप बसवा, महिने दोन महिने उपसा, तेव्हा कुठे नुसतं बघायला मिळणार. कंपनी एवढं करणार नाही.” ती थांबली. “मला ‘नाही’ लिहावं लागेल.”

“बाबांना…”

“मी सांगते.”

“नको. मी सांगीन,” मी म्हणालो. पण त्या दिवशी सांगितलं नाही. आणि दुसऱ्या दिवशी तिने माझ्या दोरीवर कपडे वाळत घातले.

रोजचं मोजमाप झालं की मी दोरी अंगणात दोन खांबांना बांधून वाळवायचो. दुपारी येऊन बघतो तर दोरीवर मोजे, सदरे आणि मधोमध तिचा तो जाड, ओलाचिंब खाणीतला कोट!

“अहो! खाणीची दोरी आहे ती! कपडे वाळत घालायची नव्हे!”

“तुमच्या घरात दुसरी दोरीच नाही. आत्यांना विचारा.”

स्वयंपाकघरातून आत्या ओरडली, “मीच सांगितलं तिला! एवढी लांब दोरी, दिवसाला एकदाच कामाला येते. तुझ्यासारखीच!”

मी कोट काढायला गेलो. कोटाची बाही जमिनीला लागून चिखलाने भरली होती. ती मात्र कोटाकडे न बघता दोरीकडे बघत होती.

“मी ही सकाळपासून दोनदा ताणून बांधली,” ती म्हणाली. “परत खाली आली… ही ताणते?”

“ओझ्याने थोडी ताणणारच. आधी तागाची होती, ती नव्हती ताणत. खालचा भाग कुजला म्हणून मी साठ मीटर बदलली. ही नायलॉनची.”

“मग पट्ट्या कशा शिवल्या?”

“मोजून. रस्त्यावर सरळ पसरून, पोलादी टेपने. अजून दर वर्षी तपासतो. तसूभर फरक नाही.”

“रस्त्यावर पसरून.”

“हो.”

“आणि रोज पाणी मोजता तेव्हा…?”

मी अंगणातल्या दोरीकडे पाहिलं. मोजतो तेव्हा दोरी लोंबत असते. ओली असते. खाली सात किलोचं शिसं असतं.

“कधी बदलली?” तिने विचारलं. आवाज अगदी मऊ होता.

मी आत जाऊन तीन वर्षांपूर्वीची वही आणली. पान सापडायला वेळ लागला नाही. माझ्याच सुंदर अक्षरात एका ओळीत लिहिलं होतं – ‘दोरी बदलली. पाणी ८५.’ आणि त्याच्या वरच्या ओळीत, आदल्या दिवशीचं – ‘पाणी ८७.’

पाणी चढलंच नव्हतं. दोरी लांबली होती. पंच्याऐंशीची पट्टी कठड्याशी यायची, तेव्हा खाली खरी दोरी सत्त्याऐंशी मीटर गेलेली असायची. त्या वर्षी पाऊस खूप झाला होता, म्हणून कुणाला शंका आली नाही. मला तर नाहीच.

“तीन वर्षं,” मी म्हणालो. “एकाखाली एक लिहिलेलं होतं.”

“मीसुद्धा वाचलं होतं. दोनदा.”

“तुम्ही अक्षर बघत होता.”

“हो ना…” ती म्हणाली, आणि मग तिला हसू आलं. मला नाही आलं. तेव्हा तिने माझ्या हातातली वही मिटली आणि हात तसाच वहीवर, म्हणजे माझ्या बोटांवर, ठेवला.

“हे मला अहवालात लिहावं लागेल. तीन वर्षांच्या नोंदी चुकीच्या आहेत म्हणून. राखणदाराची चूक म्हणून. तुमची नोकरी…”

“लिहा.”

“थोडा विचार करा.”

“बाबा पासष्ट वर्षांचे आहेत. चौथा बोगदा कोरडा असेल तर त्यांना ते आज कळायला हवं. माझ्या नोकरीचं मग बघू. लिहा तुम्ही.”

माझ्याकडे तिने त्या दिवशी जसं बघितलं तसं आधी कधी बघितलं नव्हतं. खरं सांगायचं तर, आधी कुणीच बघितलं नव्हतं.

बाबांना सांगितलं. ते चहा पीत होते. शांतपणे त्यांनी कप रिकामा केला.

“म्हणजे तीन वर्षं मी कोरड्या बोगद्यासाठी रडलो?”

“हो बाबा.”

त्यांनी तो कप मला फेकून मारला. जपूनच मारला, गवतात पडला. मग म्हणाले, “माझे बूट कुठे आहेत?”

गुडघ्यांमुळे त्यांना उतरता येणार नव्हतंच. ते वर कठड्याशी खुर्ची टाकून बसले. आम्ही दोघं तिसऱ्या बोगद्यापर्यंत गेलो. पुढची शिडी आठ वर्षं वापरात नव्हती, काही पायऱ्या मऊ पडल्या होत्या.

“मी जाते. मी हलकी आहे,” ती म्हणाली.

“राखणदार मी आहे.”

“आणि दोरीच्या बाबतीत तुमच्यावर कुणी भरवसा ठेवायचा?” ती हसत म्हणाली. “या वेळी नुसती धरा. मोजू नका.”

तिच्या कमरेला मी जाड दोर बांधला. गाठ दोनदा तपासली. तिसऱ्यांदा तपासायला लागलो तेव्हा ती म्हणाली, “झाली हो. का, सुटूच नये असं वाटतंय?” मी गाठ तिसऱ्यांदा तपासली. खुणा ठरवल्या. एकदा ओढलं तर थांबा. दोनदा, सगळं ठीक. तीनदा, वर ओढा.

ती उतरली. दिवा लहान लहान होत गेला. दोर माझ्या तळव्यातून सरकत होता… आणि मग थांबला. काही नाही. मी खाली हाक मारणार, तेवढ्यात दोराला हिसका बसला. एक. आणि… आणखी एक.

पाठोपाठ आवाज आला, “अरे, कोरडा आहे! ऐकतोयस का? पूर्ण कोरडा! ये खाली!”

‘अहो’चं ‘अरे’ झालेलं तिच्या ध्यानात आलं नव्हतं. मी पायऱ्या मऊ आहेत हे विसरून उतरलो.

भिंतीवर बाबांनी खडूने काढलेला बाण होता. खाली तारीख. एक रेघसुद्धा पुसलेली नव्हती. पाणी तिथे एक दिवसही आलेलं नव्हतं. बाणाच्या टोकाशी ती शीर होती, काळसर, दिव्यात चमकणारी. तिने आपलं मनगट शिरेवर टेकवून पाहिलं. बरोबर तेवढी. दगडाच्या खोबणीत बाबांचा जेवणाचा डबा होता, गंजलेला. तो मी घेतला. तिने शिरेच्या मागोमाग आत आत दगड फोडले. पाच ठिकाणी. चौथ्या ठिकाणी तिचा हात जरा थांबला.

संध्याकाळी अंगणात बाबांनी पाचही पिशव्यांची पूड धुतली. पहिल्या फावड्यावर जाड कोर आली. आत्याने टाळी वाजवली. दुसऱ्यावर त्याहून बारीक. तिसऱ्यावर आणखी. पाचव्या फावड्यावर बाबांनी दोनदा पाणी घातलं, दोनदा झुलवलं. काळी रेघ केसाएवढीच राहिली.

“पोरी, तुझा आकडा सांग.”

“आधी तुम्ही सांगा, बाबा.”

“सरासरी अर्धा टक्का. आणि पुढे त्याहून कमी.”

“माझाही तेवढाच आहे.”

बाबा फावड्याकडे बघत होते. “तोंडाशी मनगटाएवढी होती गं.”

“होती, बाबा. मी स्वतः मोजली. तोंडाशी मनगटाएवढीच आहे.”

त्यांनी मान हलवली. फावडं धुतलं, फडक्याने पुसलं आणि जागेवर टांगलं. रात्री ते नीट जेवले. खाण उघडणार नाही हे त्यांना कळलं होतं, पण ती आपल्या मुलाच्या दोरीपायी बुडाली नाही, हेही कळलं होतं. मला वाटतं, त्या दोन्हींत त्यांना दुसरंच मोठं वाटलं असावं.

दहाव्या दिवशी सकाळी मी शाफ्टवर पालथा पडलो होतो. गाडी तिला न्यायला तासाभरात येणार होती. बूट आले आणि थांबले. या वेळी ती बोलली नाही. गोळा टेकेपर्यंत ती थांबली आणि मग माझ्या शेजारी गवतात बसली.

“अहवाल लिहिला. वाचू?”

“वाचा.”

तिने वाचलं. चौथा बोगदा कोरडा आहे. शीर तोंडाशी चांगली, पुढे निमुळती. आजच्या भावात खाण उघडणे परवडणारे नाही. भाव पुष्कळ वाढल्यास पुन्हा विचार करावा. नोंदींमध्ये तीन वर्षे दोन मीटरची चूक आहे. ती राखणदाराने स्वतः कबूल करून नोंदी दाखवल्या. सबब खाण बंद ठेवावी, मात्र रोजचे मोजमाप त्याच राखणदाराकडून चालू ठेवावे.

“आणि शिफारस क्रमांक पाच,” ती म्हणाली. इथे तिचा आवाज जरा वेगळा झाला. “मोजायची दोरी दर वर्षी लोंबती तपासावी. तपासणी भूगर्भतज्ज्ञाने… जागेवर येऊन करावी.”

धुकं विरत होतं. मी गवताची एक काडी तोडली. मग दुसरी.

“दर वर्षी?”

“कमी वाटतं?”

“मला वाटतं… म्हणजे नायलॉनचा काही भरवसा नाही… दर महिन्याला तपासलेली बरी. म्हणजे, मी असं म्हणत नाही की तुम्हीच… पण दुसरा कुणी आला तर त्याला दोरीची… आणि बाबांनाही… तसं मला बोलता येत नाही, पण…”

“श्श…” ती म्हणाली.

मी गप्प झालो.

“कागदावर वर्षच बरं दिसतं,” ती म्हणाली. “महिन्याला मी अशीच येईन.”

ती आली. पहिल्या महिन्यात आली, दुसऱ्या महिन्यात आली. तिसऱ्यांदा आली तेव्हा बाबांनी परसात कोळशाची छोटी भट्टी लावली होती. पाच पिशव्यांतून धुऊन उरलेलं ते कथील त्यांनी वितळवलं आणि त्याचा वाळा केला. जरा वाकडाच झाला. आत्याने तो तिच्या हातात घातला आणि म्हणाली, “घे बाई. आता नाव बदल.” तेव्हापासून मी तिला सोनूबाईच म्हणत आलो. कथील मऊ असतं. वाकवलं की त्यातून बारीक करकर ऐकू येते. ती कधी माझ्यावर रुसली की वाळा माझ्या कानाशी आणून किंचित दाबायची. “ऐक,” म्हणायची, “हा सुद्धा कुरकुर करतोय.”

सव्वीस वर्षं आम्ही दोरी लोंबती तपासली. ती खाली चौथ्या बोगद्यात, मी वर. तिचा दिवा वरून दिसायचा नाही. गोळा बोगद्याशी पोचला की ती दोरीला दोन हिसके द्यायची, म्हणजे मला कळायचं. पुढे तो आमच्या सवयीचा भाग झाला. कुणाच्या घरी बसलो असलो आणि तिला निघायचं असलं, की ती माझी बाही दोनदा ओढायची. शेवटच्या दिवसांत तिला बोलायला त्रास व्हायचा. तेव्हाही बाहीच ओढायची. दोनदा. सगळं ठीक.

तिला जाऊन दोन हिवाळे झाले. बाबा आणि आत्या त्याआधीच गेले. वाळा माझ्याजवळ आहे. मी तो वाकवत नाही.

कथलाचा भाव पुन्हा वाढलाय म्हणे. पुढच्या महिन्यात कंपनीकडून कुणीतरी खाण बघायला येणार आहे. म्हणून परवा मी दोरी तपासायला घेतली. खाली कुणी नव्हतं, तेव्हा पोलादी टेप दोरीबरोबरच सोडली. गोळा टेकला. मी आकडा पाहिला. आणि मग उगाच, सवयीने, दोरी दोनदा ओढली.

खालून कुणी ओढणार नाही, हे मला माहीत होतं. तरी श्वास धरून थोडा वेळ तसाच पडून राहिलो.

मग उठून वहीत लिहिलं – ‘पाणी ८७. दोरी तपासली, लोंबती.’